बशीएवढं प्रवाळ

सिद्धाप्पा कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. मे महिन्यात गावी जाताना तिथल्या प्राध्यापक सरांनी रामेश्वरहून आणलेलं बशीएवढं जिवंत प्रवाळ, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीसकट, त्याच्या घरी ठेवलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली आणि हवेचा पंप थांबला. पाणी तापलं. फुगलेलं प्रवाळ आकसलं, आतल्या हाडासारख्या कडा दिसू लागल्या. पेटीला ओलं पोतं गुंडाळून सिद्धाप्पा वाटीवाटीनं पाणी वरखाली करू लागला.

"पाणी आटलंय की, मीठ टाकू?" बायकोनं, गोजाबाईनं विचारलं.

"नगं. मीठ आत हायच, पाणीच उडालंय. गोडं पाणी दे, थोडंथोडं."

ऊन उतरल्यावर प्रवाळाची कड पुन्हा मऊ फुगली. पण वीज आली नव्हती, आणि सर यायला अजून बारा दिवस होते.