खांद्याचं दुखणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच — ती जायला टेकली होती तेव्हा उशाशी बसून एकदा तोंड उघडलं होतं, पण पाणी हवंय का, एवढंच विचारलं. आज तुम्हाला सांगतोय. का? नीट माहीत नाही. आता आत ठेवणं झेपत नाही, एवढं खरं.

मी पारधी. सोलापूरच्या सेटलमेंटमधला — इंग्रजांनी आमच्यासारख्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तिथला. कुंपण मी जन्मलो त्या सुमाराला निघालं. नजरा निघाल्या नाहीत. आमच्या वस्तीतून डॉक्टरकी शिकायला गेलेला पहिला मुलगा मी. आमची माणसं दवाखान्याला भितात, तर आपल्यातलाच एक जण तिथं कोट घालून उभा पाहिजे, असं मी म्हणायचो. मनापासून म्हणायचो — हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला पटणार नाही.

आमची आडनावं चव्हाण, पवार, काळे, भोसले. मराठ्यांचीच की! होस्टेलवर कुणीतरी विचारलं, कुठले चव्हाण? माझ्या तोंडून निघून गेलं, अकलूजकडचे. मग त्या अकलूजच्या चव्हाणांना ऊस आला, बागायत आली, दारात एक म्हैसही आली. कॉलेजच्या ऑफिसात माझी जात ठाऊक होती, पण ऑफिसातले लोक होस्टेलवर कशाला येतात? एकदा खोलीतलं घड्याळ हरवलं. सगळे म्हणाले, मैदानात पारध्यांची पालं पडलीत, त्यांचंच काम. मीही म्हणालो. सगळ्यांच्या आधी म्हणालो, खरं तर. घड्याळ पुढे गादीखाली सापडलं, पण तोवर मी त्यांच्यातला झालो होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. किती टाळायचं?

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता, मी शेवटच्या वर्षाला होतो. एका दुपारी केम गावाकडून एक बाई बायकांच्या वॉर्डात आली. माझ्याच वयाची, पोट धरून वाकलेली. सोबत सासू. दोघी पारधी. वॉर्डातले मोठे डॉक्टर म्हणजे आम्हाला शिकवणारे सर. त्यांनी विचारलं, काय झालं? सासू म्हणाली, "काय न्हाय सायेब. शिळंपाकं खाल्लं, प्वाट दुकतंय." आणि लगेच सुनेला आमच्या भाषेत दटावलं, लाथेचं बोलायचं नाही.

ज्वारीच्या राखणदारांनी सुनेला शेताच्या कडेला धरलं होतं, पोटात लाथ घातली होती. त्या दोघी हे आपसात बोलत होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि मार लागला म्हटलं की दवाखाना पोलिसांना कळवणार. पोलीस आले की मारणारे राहतील बाजूला, तिच्याच नवऱ्याला चोर म्हणून उचलतील. हे आमच्यात पोराटोरांनाही कळतं. म्हणून आमची माणसं उपचार घ्यायला येतात आणि दुखणंच लपवतात.

सून विव्हळत सासूला विचारत होती — लाथ पोटात बसली, मग डावा खांदा का फुटतोय?

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. नुकतंच वाचलं होतं मी ते. मार लागून प्लीहा फाटली, आत रक्त साचलं, की कळ डाव्या खांद्यात येते. लगेच पोट उघडावं लागतं. सरांना लाथ माहीत नव्हती, खांदा माहीत नव्हता. परक्या पुरुषानं अंगाला हात लावायचा नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून ती पोट दाबू देईना. सर वैतागले. त्यांनी पातळ औषध लिहिलं.

तेवढ्यात म्हातारी आमच्या भाषेत पुटपुटली, गाठोड्यावरचा पाय काढ. मी काढला. अहो, काढला की पाय! तिनं चमकून वर पाहिलं आणि माझा कोट धरला. पोरा, तू आपला आहेस, म्हणाली. मोठ्या डॉक्टरला खरं सांग, पोलिसांचं तेवढं सांभाळ.

सरांनी विचारलं, काय म्हणतेय? मागे माझे मित्र उभे होते. मी कोट सोडवून घेतला आणि म्हणालो, "कळत नाही सर. कानडी असेल."

खांद्याचं तरी विचारता आलं असतं ना? त्याला कुठली भाषा लागते? सरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. मेसवर जाऊन जेवलो. वांग्याची भाजी होती, मागून घेतली.

परत आलो तर ती पांढरीफटक पडली होती. नाडी लागत नव्हती. सर धावले, सगळेच धावले, मीही धावलो. उन्हं उतरायच्या आत ती गेली. मी बोललो असतो तर ती वाचली असती. कदाचित नसती, असं म्हणून पाहिलंय मी — नाही जमत.

पुढे डॉक्टर झालो. पालापालांवर फिरलो, आजही फिरतो. आमच्या बायका आता पोट दाखवतात, मार सांगतात. लोक हार घालतात, आपला डॉक्टर म्हणतात, आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

अजून एक राहिलंय. तेच सांगवत नव्हतं.

सून गेल्यावर सर म्हातारीला खोदून विचारत होते, खरं काय झालं होतं? ती माझ्याकडे पाहत होती. एका शब्दात तिला मला उघडं पाडता आलं असतं. ती म्हणाली, "शिळं खाल्लं हुतं, सायेब." सर निघून गेले. मग ती माझ्याजवळ आली आणि आमच्या भाषेत, अगदी हळू म्हणाली — भिऊ नको पोरा, मी कुणाला सांगणार नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणीही नव्हतं. ती आणि मी, आणि कॉटवर चादर ओढलेली तिची सून. तरी मी मराठीतच म्हणालो, "मावशी, मला तुमची भाषा येत नाही."