दुसरं बोलावणं

नंदुरबारजवळ कोरीटकडच्या आमच्या गावात पंगतीला पहिल्या आवतनावर कोणी जात नसे. सकाळी आवतन येई. स्वयंपाक झाला की यजमानाकडचा माणूस बोलावणं घेऊन पुन्हा दारात येई आणि म्हणे, "चला जेवाले." तोवर माणसं हातपाय धुऊन ओट्यावर बसत. भूक लागली तरी आपणहून निघणं हावरटपणाचं समजत.

माझे वडील देवाच्या बाबतीतही तसेच वागले. आईचा आणि माझा बाप्तिस्मा झाला होता. वडील दर रविवारी आमच्याबरोबर नंदुरबारच्या ख्रिस्ती देवळात येत, पण मागच्या दाराशी बसत. बाप्तिस्मा झालेल्यांना भाकर आणि द्राक्षरस देतात त्या प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जात. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, त्यांना समजावत, की ख्रिस्ताने बोलावलंच आहे, आता उठायचं तुमच्या हातात आहे. वडील ऐकून घेत आणि एकच सांगत, "आवतन भेटनं, साहेब. बलावनं नही उनं."

आई चिडून म्हणे, यांच्यासाठी देव काय घोडा पाठवणार आहे?

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना वडील तापाने गेले. माझी फी पाळकसाहेबांनीच देवळाच्या मंडळीकडून मिळवून दिली होती. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्या दिवशी ते आले, आईसमोर बसले. मंडळीच्या कबरस्थानात बाप्तिस्मा झालेल्यांनाच जागा मिळे. त्यांनी विचारलं, शेवटी त्यांनी बाप्तिस्मा मागितला होता का? आईच्या 'हो'वर काम झालं असतं. ते तिलाही कळत होतं.

"नही," आई म्हणाली. "हात धुईसन बठेल व्हतात."

पाळकसाहेब उठले. मग म्हणाले, शेताच्या बांधावर खणा, प्रार्थनेला मी येतो. ते आले. मी माती लोटली. काहीच वाटत नव्हतं. हाताला माती लागते आहे एवढं फक्त कळत होतं.

परतताना मी त्यांना विचारलं, बोलावणं देवानेच पाठवायचं असेल आणि ते आलंच नसेल, तर वडिलांचा दोष काय? आणि ते आलेलं असूनही त्यांना कळलं नसेल, तर?

 बांध संपल्यावर ते म्हणाले, "मला माहीत नाही. मी दारोदार बोलावणारा माणूस. पंगतीत कोणाला बसवायचं ते यजमान बघतो."

घरी चूल पेटली नव्हती. शेजारच्या काकूंनी भाकरी आणि पिठलं केलं होतं. त्या दारात येऊन जेवायला चला म्हणाल्या आणि परत गेल्या. दुःखाच्या घरातलं कोणी पहिल्या हाकेला उठत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आई उठली. पदर सारखा केला आणि त्यांच्यामागे चालू लागली.

मी ओट्यावरच बसून राहिलो.