मारोतराव जमादारांची फिर्यादीची शाळा

राजांच्या कथा पुष्कळ झाल्या. आज, मायबापहो, एका जमादाराची ऐका. मारोतराव त्यांचे नाव. तीस वर्षे त्यांनी नागपुरात खाकी अंगावर वागवली आणि १९७४ साली निवृत्त होऊन ते विणकरांच्या मोहल्ल्यात राहावयास आले. तेथे शिपाई दिसला की मागावरचे हात थांबत, बोलणे थांबे; आणि ठाण्यात जावेच लागले, तर माणूस न विचारता अंगठा पुढे करी. कागदावर काय लिहिले हे विचारणे म्हणजे साहेबाचा अपमान, अशी त्या भोळ्या जनांची समजूत.

त्या मोहल्ल्यातील सहा मुली घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरीत, घरीच अभ्यास करीत आणि बाहेरून मॅट्रिकला बसणार होत्या. मारोतराव दर रविवारी सकाळी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर त्यांना नागरिकशास्त्र शिकवीत. स्वतः ठाण्याचे कारकून होऊन बसत. मुलींनी फिर्याद सांगावी, आणि त्यांनी ती मुद्दाम चुकीची लिहावी. न वाचता जी सही करी, तिला पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागे.

"काका, वाचून दाखवा म्हटलं तर पोलिसाले राग नाही येणार?" त्यांतल्या सत्यवतीने एकदा विचारले.

"येईल. तरी हात जोडून पुन्हा म्हण. फिर्याद वाचून दाखवा, हे कायदाच सांगते. खाकीचा मान राखायचा, म्हणजे तिच्याकडून तिचं काम मागायचं." मग आपल्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "मी स्वतः किती अंगठे न वाचता घेतले, देव जाणे. म्हणून तर शिकवून राहिलो."

पुढच्याच महिन्यात सत्यवतीच्या घराची कडी तोडून कोणी चार नवी लुगडी नेली. तिची आई पंचफुला ठाण्यात जायला धजेना. मारोतराव सोबत निघाले खरे, पण ठाण्याच्या दारातल्या बाकावरच बसले. सत्यवतीला म्हणाले, "आत तुम्ही जा. मी आलो तर ते माह्यं ऐकतील, तुह्यं नाही."

आत कारकुनाने कागद भरला. पंचफुलेचा अंगठा शाईत बुडाला, कागदाकडे निघाला, तोच सत्यवतीने आईचे मनगट धरले.

"साहेब, वाचून दाखवा."

"काहून वं? तुले फौजदार व्हायचं आहे काय?"

"नाही जी. मॅट्रिक व्हायचं आहे." तिने हात जोडले. "तरी वाचून दाखवा."

बोलणे ऐकून फौजदार आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी कागद उचलून वाचला: लुगडी वाळत घातली असता हरवली.

"हरवली नाहीत, साहेब. कडी तोडून नेली. हरवली लिहिलं, तर चोर शोधणार कोण?"

फौजदारांनी कारकुनाला उठवले, त्याच्या खुर्चीवर बसून स्वतः नवी फिर्याद लिहिली आणि, कोणी न मागता, अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. मगच अंगठा उमटला.

मुलगी नक्कल घेऊन बाहेर आली. मारोतरावांनी चष्मा लावला, ओळ न् ओळ वाचली, आणि 'चोरी' या शब्दावर बोट ठेवले. मग उठले, टाचा जुळवल्या आणि त्या सोळा वर्षांच्या पोरीला कडक सलाम ठोकला.

"काका, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

पंचफुला मात्र घरापर्यंत भेटेल त्याला सांगत गेली, "लुगडी माही, अंगठा माहा, पोरगीही माहीच. अन् ऐट पाहा गा या जमादाराची."