एका शेताचे दोन राजे

देवानंदकाकांचा अख्खा जन्म परदेशात, ईडन प्रेरी गावात गेला म्हणायला हरकत नाही. नोकरी झाली, रिटायर झाले, शीलाकाकू गेल्या, मुलगी दूर फ्रीमाँटला. मग राहिलं काय? जेरुसलेम! क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्ध, करत आलेल्या ख्रिस्ती सरदारांनी तिकडं थाटलेली राज्यं, शेजारच्या मुसलमान सुलतानांशी त्यांच्या लढाया, तह. काका वाचत बसायचे. ऐकायला घरात चिटपाखरू नाही. शनिवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काय चार मराठी शब्द कानावर पडतील तेवढेच. त्यासाठी माणूस आठवडाभर जीव धरून असायचा हो!

म्हणून मंडळाचा अध्यक्ष संजीव म्हणाला, "काका, क्रुसेडवर बोला ना," तेव्हा स्वारी हरखली. संजीवनं बजावलंही, "फक्त लढाया घ्या हं. शेजारी कसा दगा देतो वगैरे. लोकांना तेच आवडतं." काकांनी मान डोलावली.

भाषण रंगलं. वेढे झाले, कत्तली झाल्या, टाळ्या पडल्या. तिथं थांबावं की नाही? पण काकांना राहवेना. सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

"याच काळात सरहद्दीवर एक खोरं होतं," ते म्हणाले. "एकीकडं ख्रिस्ती किल्ला, दुसरीकडं मुसलमान सुलतानाचं दमास्कस. पीक आलं की दोन्हीकडचे शेतकरी निम्मं निम्मं घ्यायचे. गुरं एकत्र चरायची. राजे भांडत होते, शेतकरी मळणी करत होते."

मागून कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?"

"शेतकऱ्यांच्या," काका म्हणाले.

संजीवनं माइक घेऊन जेवण जाहीर केलं. पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणून केलेल्या पंगतीला, काकांनी पाटोडीचा झणझणीत रस्सा आणला होता. लोकांनी तो वाढून घेतला, आणि ताटं घेऊन दुसऱ्या टेबलांवर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात संजीवचा मेसेज आला: काका, हॉल मिळाला नाही, शनिवारचं कॅन्सल केलं.

शनिवारी काका दूध आणायला निघाले, तर हॉलपुढं सगळ्या ओळखीच्या गाड्या! त्यांनी तिथंच गाडी थांबवून संजीवला फोन लावला.

"काय करताय?"

"काही नाही काका, घरीच. जरा पडलो होतो."

मागं कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं. आवाज फोनमधूनही येत होता आणि समोरच्या दारातूनही.

"पडा, पडा," काका म्हणाले. "उगाच उठवलं तुम्हाला."