अंगठ्याची टिकली

पुलाच्या ठेकेदारानं आमच्या पेंटरला फसवलं. आधी हे लिहून ठेवतो, मग माणूस सांगतो.

आमगावच्या बाजारातले बोर्ड तुम्ही वाचले असतील, तर तो तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक बोर्डाच्या शेवटी उद्गारचिन्ह. डंडा ब्रशनं, एका दमात. खालची टिकली मात्र अंगठ्यानं. त्यामुळे अंगठा कायम लाल. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

माझं दुकान मी पोती वाहून उभं केलं. भाव पाडल्याशिवाय मी काही घेत नाही, त्याचाही पाडला. बोर्डावर ‘ताडपत्री मिळेल’ एवढंच लिहायचं ठरलं होतं, तर हा शेवटी डंडा ओढायला लागला.

“हे कायले? मले नाही पायजे.”

“याचे पैसे नाही लागत, शेठ.”

“मंग काऊन ओढून राहिला?”

“तुमी दिवसभर वरडता. तुमचा बोर्ड मुका कसा राहीन?”

बाजार हसला. मी चिडलो, पण ते चिन्ह पुसू दिलं नाही.

पुढे देवरी रोडवर पुलासाठी खड्डा खोदला. ना कठडा, ना दिवा. पेंटरनं तेलाचा डबा कापून पत्रा सपाट केला आणि त्यावर नुसतं उद्गारचिन्ह रंगवलं.

“अबे, काही लिही तरी!”

“गाडीवरचा माणूस वाचत नाही, शेठ. दचकते.”

पत्रा खड्ड्याच्या अलीकडे रोवला. ठेकेदारानं माझ्यासमोर शब्द दिला, “रहने दो, पेंटरबाबू. काम होने तक कोई हाथ नहीं लगाएगा.”

पेंटर कामाला रोज त्याच रस्त्यानं जायचा. थंडीत धुकं असं, की हँडलपुढचं दिसत नाही. “आपला बोर्ड दिसला का मोपेडवरून उतरतो,” म्हणायचा, “अन् बांधावरून ढकलत नेतो.”

मग पुलाचं काम बघायला सरकारी साहेबांचा दौरा ठरला. फोटोत वाईट दिसतो, असं कोणीतरी म्हटलं आणि ठेकेदारानं बोर्ड उपटला. पेंटरला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी धुक्यात तो आपलाच बोर्ड शोधत पुढे गेला, आणखी पुढे गेला.

आम्ही त्याला खड्ड्यातून दोरानं वर काढलं, तेव्हा जीव गेलेला होता. सगळं अंग चिखलानं भरलेलं, तरी अंगठा लाल दिसत होता.

पत्रा मला ठेकेदाराच्या सिमेंटच्या पोत्यांवर पालथा सापडला; तो मी दुकानात आणून ठेवला. टिकलीत अंगठ्याच्या रेषा अजून आहेत. ठेकेदार म्हणतो, बोर्ड सरकारी नव्हता. साहेब म्हणतात, दौऱ्यात आम्हाला बोर्ड दिसलाच नाही. पेंटरची बायको माझ्या दुकानात येते, पत्र्यावरून हात फिरवते आणि जाते. मी ओरडतो, पण ऐकणारं कोणी नाही.

आयुष्यभर घासाघीस केली. यात एक पैशाची करणार नाही. बोर्ड उपटायला कोणी सांगितलं? ठेकेदारानं माझ्यासमोर यावं आणि नाव सांगावं!