काकांच्या चेहऱ्याची मापं

आमच्या कुवेतमधल्या सालमियाच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये काका-काकू राहायचे. काकांची सगळी नोकरी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत गेली. ते निवृत्त होऊन कायमचे चिपळूणला परत निघाले, तेव्हा मी त्यांना त्यांचं चित्र काढून द्यायचं ठरवलं. मी तेव्हा ऑनलाइन चित्रकला शिकत होते आणि सफरचंदं मला बरी जमायला लागली होती.

पहिल्या शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या सोफ्यावर येऊन बसले. मी झपाझप काढलं. माझी मुलगी मागून डोकावली आणि म्हणाली, "आई, व्हेअर इज हिज ब्रेन?"

खरंच, डोळे इतके वर गेले होते की कपाळाला जागाच उरली नव्हती. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, हे शिकवलं होतं. पण समोर माणूस बसला की ते पटत नाही. मी पट्टी घेऊन काकांपाशी गेले. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत मोजलं, मग डोळ्यांपासून टकलाच्या टोकापर्यंत. अगदी सारखं!

"एवढं मोठं कपाळ आहे माझं?" काका खूश झाले.

"कपाळ कुठलं, टक्कल धरून मोजलंय," काकू म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी मी शिस्तीत बसले. हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा मिटलेला. दोन डोळ्यांच्या मधे आणखी एक डोळा मावला पाहिजे, म्हणून आधी काकांचा डोळा मोजायला घेतला. मी डोळा मिटला की काकांना वाटायचं, मी त्यांना डोळा मारतेय, आणि ते लाजून हसायचे. हसले की डोळे बारीक व्हायचे आणि माप चुकायचं.

"काका, हसू नका ना."

"अगं, पण तू आधी थांब!"

शेवटी काकूंनी त्यांना गप्प बसवायला कांदाभजी आणून दिली. काका हसायचे थांबले, पण आता गाल फुगले. मी मान खाली घालून गाल रंगवत होते, त्यामुळे आत भजी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. भजी संपल्यावर काकांना डुलकी लागली. हनुवटी छातीला टेकली आणि मान नाहीशी झाली. मी समोर दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवलं.

निरोपाच्या दिवशी चित्र काकूंच्या हॉलमध्ये ठेवलं. वर छान कापड घातलं होतं. खोके खाली न्यायला बिल्डिंगचा हारिसही आला होता. हा आमचा इजिप्शियन राखणदार, गोल चेहऱ्याचा, दार उघडून द्यायचा आणि सगळ्यांची खबर ठेवायचा. मी कापड ओढलं.

काका चष्मा पुसून पुन्हा बघू लागले.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या, "कोण आहे?"

तेवढ्यात हारिसने हातातला खोका खाली ठेवला. चित्राजवळ जाऊन त्याने छातीवर हात ठेवला. "हाझा अना!" म्हणजे हा तर मीच! त्याचे डोळे भरून आले. "मॅडम, मेरे वास्ते?"

फुगलेले गाल, नसलेली मान, बारीक डोळे. सगळं तंतोतंत त्याचंच होतं. मी काकांकडे बघितलं. काकांनी हळूच होकारार्थी मान हलवली.

"हां, आपके वास्ते," मी म्हणाले.

त्याने मला, काकांना, काकूंना आणि चुकून दाराशी उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यालाही धन्यवाद दिले. खोके तिथेच राहिले आणि तो चित्र घेऊन खाली पळाला. काका पोट धरून हसत होते.

"वाईट नाही ना वाटलं?" मी विचारलं.

"वाईट कसलं? त्याला शोभतोय तो मी."

आता काकांचं चित्र मी नव्याने काढतेय. दर शुक्रवारी ते चिपळूणहून व्हिडिओ कॉल करतात. फोन मांडीवर ठेवतात, त्यामुळे मला फक्त दोन नाकपुड्या आणि वरचा पंखा दिसतो. नाकपुड्या मात्र यावेळी अगदी मापात आल्या आहेत.