मागे घेतलेला लेख

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, वनस्पतिरोग संघटनेच्या त्रैमासिकात कू मीरान सव्वीस वर्षं नोकरीला होती. आलेले लेख नोंदवायचे, तपासणाऱ्यांकडे धाडायचे, छापण्याआधी शब्द न् शब्द वाचायचा. लग्न तिने केलं नाही. कपाटातल्या अंकांकडे बोट दाखवून म्हणायची, "ही काय माझी शंभर पोरं!"

विद्यापीठात प्राध्यापक असलेले बांग सर तिचे पहिले संपादक. काम त्यांनीच शिकवलं. तिचे वडील गेले तेव्हा मोठ्या भावासारखे अंत्यविधीचे तिन्ही दिवस तिच्या शेजारी उभे राहून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांभाळलं होतं.

त्या ऑक्टोबरात जुने अंक संगणकावर चढवताना बांग सरांच्याच एका जुन्या लेखातल्या फोटोपाशी तिचा हात थांबला. काचेच्या बशीत वाढवलेली बुरशी, बशीच्या कडेचा टवका उडालेला. हा टवका तिने नुकताच कुठेतरी पाहिला होता. गेल्या वर्षीच्या अंकात सापडला. पर्सिमॉन या फळझाडाच्या पानांवरच्या रोगाचा लेख. पहिलं नाव सोलबी या विद्यार्थिनीचं, दुसरं तिच्या मार्गदर्शकांचं, बांग सरांचं. तीच बशी, फोटो उलटा फिरवलेला, खाली मात्र वेगळ्याच बुरशीचं नाव.

तिने सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले.

"तुझी नजर अजून तशीच आहे, मीरान."

"चुकून झालं का, सर?"

"सोलबीने लावला असेल. जुन्या अंकातून उचलला असेल. हल्लीच्या मुलांना शिस्त कुठे असते?"

मीरानने दोन्ही पानं शेजारी ठेवली. "जुन्या अंकात बशी अर्धी कापलीय. या फोटोत पूर्ण दिसते. मूळ फोटो कुणाकडे होता, सर?"

सरांनी दोन्ही पानं पालथी घातली. मग हळूच म्हणाले, "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत गं. हे नोंदवू नकोस."

"सकाळीच नोंदवलं, सर."

ते उठले, टोपी घातली आणि तिच्याकडे न बघता जिना उतरले.

समितीच्या तीन बैठका झाल्या. अख्खा लेख मागे घ्यायचं ठरलं. बांग सरांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला, निरोपसमारंभही झाला. सोलबीची डॉक्टरेट त्याच लेखावर होती. ती पदवीही गेली.

सोलबी कार्यालयात आली तेव्हा रडली नाही. "ताई, तीन उन्हाळे मी बागेत पानं मोजली. ती मोजणी तरी खरी आहे ना?"

"खरी आहे. मी आकडे तपासलेत."

"मग तेवढं छापा."

लेख मागे घेतल्याच्या निवेदनात मीरानने एक ओळ घातली : फोटो दुसऱ्या लेखकाने दिला होता, पहिल्या लेखिकेच्या मोजणीत दोष नाही. आताच्या संपादकांनी ती खोडली. "मीरानबाई, आपण काय कोर्ट आहोत? कुणी केलं ते आपण लिहायचं नाही."

"मग नावं तरी कशाला छापायची?"

"तो नियम आहे."

चार ओळी छापल्या गेल्या. सोलबीचं नाव सगळ्यात वर.

पुढच्या शरदात मीरान छंगदोला, सोलबीच्या गावी गेली. सोलबी आईच्या बागेत शिडीवर चढून फळं उतरवत होती. आईने जेवायला वाढलं, पण स्वतः पानावर बसली नाही. निघताना सोलबी बसथांब्यापर्यंत आली.

"तुम्ही बरोबर तेच केलंत, ताई. सगळे तसंच म्हणतात. पण नोकरीसाठी कुठे अर्ज केला, की त्यांना आधी त्याच चार ओळी सापडतात."

"माझं चुकलं का गं?"

"नाही. तुमच्यावर राग नाही माझा. पण पुन्हा येऊ नका. तुम्ही येऊन गेलात, आता आईला आठवडाभर झोप लागणार नाही."

मीरान पुन्हा गेली नाही. दर अंकाच्या वेळी मात्र ती संपादकांच्या टेबलावर एक अर्ज ठेवते, ती खोडलेली ओळ छापावी म्हणून. आजवर सात झाले. एकालाही उत्तर आलेलं नाही.